विमान लांबवलं की दर वेळी शेपटीवर बसतं: मालवा-१२० ची दुरुस्ती

तक्रार अशी आहे. एक्स-प्लेन हा संगणकावर विमान उडवण्याचा गेम. त्याच्यासोबत विमान बनवायचं प्लेन मेकर येतं, त्यात आपण स्वतःचं काल्पनिक प्रवासी जेट तयार करतो. ते उडतं, आपण खूश. मग वाटतं, चार रांगा वाढवू, मोठी आवृत्ती काढू. बॉडी लांब केली की विमान बिघडतं. कधी पार्किंगमध्येच नाक वर करून शेपटीवर बसतं, कधी धावपट्टी संपली तरी उठत नाही. कधी उठतं आणि लगेच नाक आकाशाकडे करून मागे कोसळतं. एक दुरुस्त करावं तर दुसरं उपटतं. महिनाभर थांबून पुन्हा लांबी बदलली की सगळं पहिल्यापासून.

मी हे सहा वेळा पाहिलं आहे. त्यातलं पहिलं माझं स्वतःचं आणि बाकीची पाच भाच्याची. तो इंदूरच्या सुदामानगरात राहतो, मी रामबागेत, आणि त्याचा फोन आला की मला आवाजावरूनच कळतं.

"मामा, पुन्हा बसलं."

"कुठे?"

"इंदूरलाच. पार्किंगच्या एप्रनवर. इंजिनसुद्धा चालू केलं नव्हतं."

त्याच्या विमानाचं नाव मालवा-९०. नव्वद आसनं, एका रांगेत पाच, दोन्ही इंजिनं शेपटीपाशी, वर टी-आकाराची शेपूट. ही मांडणी त्याने दिसण्यासाठी निवडली, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या निम्म्या कटकटीचं मूळ तिथेच आहे. लांबी ३२ मीटर, पंखांचा विस्तार २८ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ ९२ चौरस मीटर, रिकामं वजन २४ टन. हे विमान छान उडत होतं. मग त्याला मालवा-१२० हवं झालं. तीस आसनं जास्त म्हणजे सहा रांगा, दर रांगेला ०.८ मीटर, म्हणजे बॉडी ४.८ मीटरनं लांब.

आधी त्याने काय काय करून पाहिलं ते सांगतो, कारण तुम्हीही तेच केलं असणार. विमान शेपटीवर बसलं म्हणून त्याने मुख्य चाकं मागे सरकवली. बसणं थांबलं, पण आता धावपट्टीवर नाक उठेना. म्हणून आडवी शेपटी दीडपट मोठी केली. नाक उठलं, पण उठताक्षणी असं उसळलं की सावरता येईना. म्हणून कृत्रिम स्थैर्याच्या पडद्यावर जाऊन आकडे भरले, म्हणजे संगणकच एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा नाक वर-खाली करणारा हलता भाग) सांभाळत बसला. त्यानंतर विमान उडलं, पण दारू प्यायल्यासारखं. शेवटी वैतागून त्याने फाईल पुसून जुनी मालवा-९० काढली आणि पुन्हा लांब केली. तेच चक्र पुन्हा.

ते उठताक्षणी उसळणं का होतं ते समजून घ्या, म्हणजे चाकं सरकवण्याचा मोह जाईल. जमिनीवर असताना विमान मुख्य चाकांभोवती वळतं. चाकं गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमानाचं सगळं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या, फार मागे असतील तर पुढचं सगळं वजन उचलायला शेपटीला भरपूर जोर लावावा लागतो, म्हणून तुम्ही स्टिक पोटाशी ओढून धरता. चाकं सुटली की त्याच क्षणी वळण्याचा बिंदू बदलतो, आता विमान स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती वळू लागतं. विरोध करणारं ओझं गेलं आणि एलिव्हेटर मात्र तसाच पूर्ण ओढलेला. नाक उसळणार नाही तर काय? वैमानिकाची चूक नाही त्यात. शेपूट मोठी करणं म्हणजे त्या उसळीला आणखी बळ देणं.

आता सियागंजची, म्हणजे इंदूरच्या किराणा बाजारातली, गोष्ट. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. पूर्वी दिवाळीच्या वाटपाचा किराणा आणायला मला सियागंजात पाठवायचे. तिथे एकदा लोडिंग रिक्षा भरताना बघत उभा होतो. साखरेची पोती. हमालाने सोयीसाठी सगळी मागच्या कडेपासून रचायला सुरुवात केली. सातवं पोतं पडलं आणि रिक्षाचं पुढचं चाक शांतपणे, अजिबात घाई न करता, जमिनीवरून वर आलं. वीतभर. चालक चहा पीत होता. त्याने कप खाली न ठेवता पुढच्या मडगार्डवर पाय दिला, चाक खाली आलं, आणि तो हमालाला एवढंच म्हणाला, "भिया, आगे से."

प्रवासी जेटची चाकांची मांडणी नेमकी त्या रिक्षासारखी असते. पुढे एक, मागे दोन्ही बाजूंना. ओझ्याचा मध्य मागच्या आसाच्या पुढे असेल तोवर ठीक, मागे गेला की पुढचं चाक हवेत. रिक्षावाल्याने मागचा आस सरकवला नाही, ओझं सरकवलं. भाच्याने दर वेळी आस सरकवला.

मात्र ओझं मागे का गेलं, हा प्रश्न उरतोच. आणि तो दर वेळी का जातो, हा खरा.

मी त्याची फाईल उघडली तेव्हा पाच मिनिटांत उत्तर दिसलं. प्लेन मेकरमध्ये प्रत्येक भागाची जागा एका संदर्भबिंदूपासून मोजलेली असते. लांबीच्या दिशेने किती, बाजूला किती, वर किती. लांबीच्या दिशेच्या आकड्याला तिथे लाँग आर्म म्हणतात. संदर्भबिंदू कुठे धरायचा हे आपल्या मर्जीवर आहे. भाच्याने, जवळपास सगळेच धरतात तसं, नाकाचं टोक शून्य धरलं होतं. त्यामुळे नाक आणि पंख यांच्यामध्ये एक मीटर जरी घातला, तरी पंख, मुख्य चाकं, इंधनाच्या टाक्या, इंजिनं, शेपट्या आणि गुरुत्वमध्य या सगळ्यांचे लाँग आर्म हातानं वाढवावे लागतात. एखादा राहतोच. आणि गुरुत्वमध्य हा गेममध्ये भागांच्या वजनावरून आपोआप निघत नाही, वजन आणि तोलाच्या पडद्यावर आपण भरतो तो आकडा. तो तर हमखास राहतो.

कोणता आकडा राहिला त्यावर लक्षण ठरतं, म्हणून दर वेळी वेगळा रोग असल्यासारखा वाटतो. समजा नाकाच्या बाजूने ३.२ मीटर वाढवलं. मुख्य चाकांचा आकडा जुनाच राहिला तर चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे जातात आणि विमान शेपटीवर बसतं. गुरुत्वमध्याचा राहिला तर तो पंखाच्या ३.२ मीटर पुढे उरतो, नाकाच्या चाकावर एकूण वजनाच्या २६ टक्के भार येतो आणि विमान धावपट्टीला चिकटतं. पंखाचा राहिला, बाकी सगळं सरकलं, तर विमान उठतं आणि लगेच उलटतं, कारण उचलणारं बळ वजनाच्या पुढे लागलेलं असतं.

सगळ्यात लबाड म्हणजे टाक्यांचा आकडा. तो राहिला तर उड्डाण बरं होतं. नाक थोडं जड वाटतं, आपण ट्रिम (स्टिक सतत ओढून धरावी लागू नये म्हणून असलेलं चाक) फिरवतो. भाच्याच्या विमानात ९ टन इंधन ३.२ मीटर पुढे राहिलं होतं. भरलेल्या साडेसेहेचाळीस टनी विमानात त्यामुळे तोल ०.६ मीटर पुढे सरकला होता. इंधन जळत गेलं की तोल मागे मागे येत राहतो, आणि प्रवासभर ट्रिम फिरवत बसावं लागतं. त्याने आठवडाभर याला ऑटोपायलटचा दोष समजून त्याचे आकडे बदलले. ते नंतर सगळे परत जागेवर आणावे लागले, हे वेगळं.

उपाय सोपा आहे, एकदाच करायचा आहे: शून्य नाकावरून काढून पंखावर आणा.

पंखावर म्हणजे नेमकं कुठे, हे महत्त्वाचं, कारण इथेही आम्ही एकदा फसलो. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी म्हणजे कॉर्ड. जेटचा पंख मुळाशी रुंद आणि टोकाला अरुंद असतो, म्हणून एक सरासरी कॉर्ड काढतात, तिला एमएसी म्हणतात. साधी सरळ कडांची पंखाची आकृती असेल तर सूत्र असं: टोकाची कॉर्ड भागिले मुळाची कॉर्ड, याला उतार म्हणू. एमएसी म्हणजे मुळाच्या कॉर्डच्या दोन तृतीयांश गुणिले (१ + उतार + उताराचा वर्ग) भागिले (१ + उतार). मालवात मुळाची कॉर्ड ५.०५ मीटर आणि उतार ०.३, म्हणून एमएसी ३.६ मीटर. या एमएसीच्या पुढच्या कडेपासून २५ टक्क्यांवर शून्य ठेवायचं. ध्वनीपेक्षा कमी वेगात पंखाचं वायुगतिक केंद्र, म्हणजे उचलणाऱ्या बळाचा हिशेब जिथून धरतात तो बिंदू, साधारण तिथेच असतं, आणि प्रवासी विमानांचा गुरुत्वमध्यही त्याच्या आसपास काही टक्के पुढे-मागे खेळतो.

शून्याच्या पुढचे सगळे आकडे उणे, मागचे अधिक. मालवा-९० चं नाक उणे १४.८ वर आलं, मुख्य चाकं अधिक १.० वर, नाकाचं चाक उणे ११.८ वर. आता विमान लांब केलं तर पंख, मुख्य चाकं आणि टाक्या यांना हातच लावायचा नाही. फक्त नाक, कॉकपिट, नाकाचं चाक पुढे जातात आणि शेपट्या, इंजिनं मागे. विसरायला जागाच कमी उरते.

एक किरकोळ पण जिवावर बेतणारी गोष्ट. प्लेन मेकर फुटांत बोलतो, आमची वही मीटरमध्ये. ३.२ मीटर म्हणजे १०.५ फूट. भाच्याने एकदा सरळ ३.२ भरलं आणि रात्री अकरा वाजता फोन केला. वहीत दोन रकाने करा, मीटरचा आणि फुटांचा.

राहिला गुरुत्वमध्य. तो भरायचा असतो म्हणून लोक अंदाजाने भरतात. मी हिशेबनीस, मला अंदाजाचा राग आहे. इथे मी त्याला खतावणी करायला लावली. प्रत्येक नोंदीत वजन, शून्यापासूनचं अंतर आणि दोघांचा गुणाकार. पुढच्या बाजूचे गुणाकार जमा, मागचे नावे. बेरीज करून एकूण वजनाने भागलं की गुरुत्वमध्य. संपूर्ण विमानाची तेरीज काढायची गरज नाही. आधीचं विमान नीट उडत होतं ना, मग फक्त बदलाच्या नोंदी घाला.

मालवा-९० रिकामी असताना तिचा गुरुत्वमध्य एमएसीच्या ३० टक्क्यांवर होता, म्हणजे शून्याच्या ०.१८ मीटर मागे. २४ टन गुणिले ०.१८, नावे ४.३ टन-मीटर. ही आरंभीची शिल्लक.

भाच्याने पहिल्यांदा संपूर्ण ४.८ मीटर पंखाच्या मागे घातले होते. कारण विचारलं तर म्हणाला, पुढच्या भागाचं रंगकाम झालं होतं, दारं, खिडक्या, सगळं, ते पुन्हा कोण करणार. ठीक. मग नोंदी बघू. इंजिनं, शेपूट आणि मागची बॉडी मिळून ७ टन, सगळे ४.८ मीटर मागे गेले: नावे ३३.६. नवीन तुकड्याचं वजन दीड टन, मध्य साडेसहा मीटर मागे: नावे जवळपास १०. आरंभीची शिल्लक धरून एकूण नावे ४८ टन-मीटर. रिकामं वजन आता २५.५ टन. भागाकार १.८८ मीटर. एमएसीच्या ७७ टक्क्यांवर! आणि मुख्य चाकं कुठे? एक मीटरवर. सातवं पोतं पडलेलं आहे, फक्त सियागंजात नाही, विमानतळाशेजारच्या बिजासन टेकरीच्या पायथ्याशी.

आता तेच सहा रांगांचे ४.८ मीटर वाटून घालू. पुढे चार रांगा, ३.२ मीटर. मागे दोन रांगा, १.६ मीटर. पुढची बॉडी, कॉकपिट आणि नाकाचं चाक मिळून ४ टन ३.२ मीटर पुढे गेले: जमा १२.८. मागचे ७ टन १.६ मीटर मागे: नावे ११.२. पुढचा तुकडा एक टन, उणे ५ वर: जमा ५. मागचा अर्धा टन, अधिक ५ वर: नावे २.५. बदलाची निव्वळ नोंद जमा ४.१. आरंभीची शिल्लक नावे ४.३. उरले नावे ०.२. पंचवीस टनांत ही रक्कम म्हणजे शून्यच. गुरुत्वमध्य बरोबर २५ टक्क्यांवर येऊन बसला. रंगकाम पुन्हा करावं लागलं, पण ताळेबंद जुळला.

हे वाटप आमचं डोकं नाही. खरे कारखाने असंच करतात. एअरबस ए३२० वरून ए३२१ केलं तेव्हा पंखाच्या पुढे ४.२७ मीटरचा तुकडा घातला आणि मागे २.६७ मीटरचा. डीसी-९ वरून एमडी-८० झालं, तिथे इंजिनं मालवासारखीच शेपटीला होती, म्हणून बहुतेक वाढ पंखाच्या पुढेच गेली. शेपटीला इंजिन म्हणजे दांडीच्या एका टोकाला जड माप बांधलेलं. मागे एक वीत वाढवली तर पुढे दोन वाढवाव्या लागतात.

मागे कमी वाढवण्याचं दुसरंही कारण आहे. उठताना शेपूट जमिनीला घासू नये. मालवा-९० ची घासण्याची जागा मुख्य चाकांच्या ९ मीटर मागे आणि जमिनीपासून १.९ मीटर उंच, म्हणजे १२ अंशांपर्यंत नाक उचलता येत होतं. मागे १.६ मीटर वाढल्यावर १० अंश. सगळे ४.८ मागे घातले असते तर आठही नाहीत. बोईंग ७३७-८०० ला जवळपास ११ अंश मिळतात, तेव्हा दहावर भागवता येतं, फक्त नाक हळू उचला, सेकंदाला दोन-तीन अंश.

शेपूट दीडपट मोठी केली होती ती परत जुन्या मापावर आणली. तिची गरज नव्हती हे आकड्यांत दिसतं. आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासूनचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले एमएसी. जेट प्रवासी विमानांत हे गुणोत्तर एकच्या आसपास असतं. मालवा-९० मध्ये शेपूट २३ चौरस मीटर, अंतर १४ मीटर: ०.९७. लांब केल्यावर अंतर १५.६ झालं: १.०८. विमान लांब झालं की शेपूट आपोआपच जास्त प्रभावी होते, दांडी लांब होते ना. आणि कृत्रिम स्थैर्याचे सगळे आकडे शून्य करा. ते चालू ठेवून चाचणी घेणं म्हणजे कुबडी लावून पायाचा एक्स-रे काढणं.

इतकं करून आम्ही खूश झालो. दोन आठवडे शांतता. मग फोन.

"मामा, उठत नाहीये."

"लांबी बदललीस?"

"नाही, शपथ. फक्त पंख थोडा मागे झुकवला. सुंदर दिसतोय."

वीस अंशांचा स्वीप त्याने अठ्ठावीस केला होता. मुळाची जागा तीच, म्हणून त्याला वाटलं काहीच हललं नाही. पण एमएसी ही पंखाच्या मुळाशी नसते. मालवात ती मध्यरेषेपासून ५.७ मीटर बाहेर आहे. तिथे पोहोचेपर्यंत आठ अंशांच्या फरकाने पंख सुमारे ०.९५ मीटर मागे गेलेला असतो. एमएसीच्या २६ टक्के! उचलणारं बळ मीटरभर मागे गेलं, वजन तिथेच. नाक जड होणारच. आणि आमचं शून्य? ते एमएसीवर ठेवायचं म्हटलं होतं, पण फाईलमध्ये त्याने सोयीसाठी मुळाच्या पाव कॉर्डवर ठेवलं होतं. मी नीट पाहिलं नव्हतं, चूक माझीही. पंखाचा लाँग आर्म ०.९५ मीटर उणे केला आणि विमान पुन्हा पहिल्यासारखं झालं. तेव्हा लांबी, स्वीप, पंखाचा उतार, यांतलं काहीही बदललं की एमएसीचं गणित पुन्हा करा. फाईलच्या नावातच स्वीप लिहून ठेवायची सवय आम्ही त्यानंतर लावली.

आता चाचणी. भाचा पहिली चाचणी थेट इंदूरला, मे महिन्याच्या दुपारी घ्यायचा, आपलं गाव म्हणून. भावना समजते, पण चुकीची सुरुवात आहे. आपला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. बाहेर ४२ अंश असतील तर हवा इतकी विरळ असते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. काट्यावर वेग तोच दिसला तरी जमिनीवरचा वेग आठ-नऊ टक्के जास्त लागतो आणि इंजिनं दमलेली. धावपट्टी पावणेतीन किलोमीटर, ती पुरते, पण विमान उशिरा उठलं तर दोष तोलाचा की उन्हाचा, कळत नाही. पहिली चाचणी समुद्रसपाटीच्या कुठल्याही विमानतळावर, १५ अंश तापमान, वारा शून्य. तिथे बरोबर उठलं की मग इंदूर.

पार्किंगमध्ये आधी नाकाच्या चाकावरचा भार बघा. गणिताने निघतो: मुख्य चाकं आणि गुरुत्वमध्य यांच्यातलं अंतर भागिले दोन्ही चाकांमधलं अंतर. नवीन मालवात १ भागिले १६, सव्वासहा टक्के. पाचच्या खाली गेला तर नाकाचं चाक वळताना घसरतं, वीसच्या वर गेला तर नाक उठत नाही. मग गुरुत्वमध्य आधी पुढच्या मर्यादेला आणि मग मागच्या मर्यादेला नेऊन दोन उड्डाणं करा. मधल्या जागेवर सगळीच विमानं गुणी असतात.

हवेत गेल्यावर डेव्हलपर मेनूतून बळांचे बाण चालू करा. एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावरचं बळ वेगळं काढतो, म्हणून कुठला तुकडा काय करतोय ते डोळ्यांनी दिसतं. सरळ उडत असताना आडव्या शेपटीवरचा बाण किंचित खाली असावा. जोरात वर असेल तर तुमचं विमान शेपटीनं उचललं जातंय, गुरुत्वमध्य फार मागे आहे.

मग २५० नॉटला नाक दोन अंश उचला आणि स्टिक सोडून द्या. विमान हळूहळू वर जाईल, वेग कमी होईल, खाली येईल, वेग वाढेल, पुन्हा वर. अशी एक झुलण जवळपास एका मिनिटाची असते. ती दोष नाही, खऱ्या विमानांतही असते, तिच्यामागे लागू नका. भाच्याने त्यासाठीही एकदा शेपूट बदलली होती. दोष तो, ज्यात नाक दोन-चार सेकंदांत वर-खाली होतं आणि दर हेलकाव्याला वाढत जातं, किंवा उचललं तिथून परत येतच नाही. तसं झालं तर गुरुत्वमध्य एमएसीच्या पाच टक्क्यांनी पुढे घ्या आणि पुन्हा बघा. थ्रॉटल देताना नाक थोडं हलेल. इंजिनं शेपटीला वर बसवलेली असतील तर खाली, पंखाखाली असतील तर वर. तेवढं चालतं.

टी-शेपूट ठेवलीच असेल तर पूर्ण स्टॉलची (नाक फार वर जाऊन पंखाची उचल तुटण्याची) चाचणी भरपूर उंचीवर घ्या. नाक फार वर गेलं की पंखाची घुसळलेली हवा थेट वरच्या शेपटीवर येते आणि एलिव्हेटर मुका होतो. २२ ऑक्टोबर १९६३ ला बीएसी वन-इलेव्हनचं पहिलं विमान याच कारणाने चाचणीत पडलं, आतले सातही जण गेले. गेममध्ये आपण एस्केप दाबतो.

गेल्या रविवारी पोहे खाऊन आम्ही मालवा-१२० इंदूरहून उडवली, सकाळच्या २६ अंशांत. कृत्रिम स्थैर्य बंद. १३८ नॉटला दोन बोटांनी स्टिक ओढली आणि नाक आलं. उसळी नाही.

एक गोष्ट मात्र अजून शिल्लक आहे आणि ती आकड्यांनी जाणार नाही. विमान रिकामं उभं असताना फक्त मागच्या दहा रांगा भरल्या, पन्नास प्रवासी, प्रत्येकी ८० किलो, तर गुरुत्वमध्य ०.७५ मीटर मागे जातो. चाकं एक मीटरवर, पंचवीस सेंटिमीटर उरतात. त्यात सगळ्या १२० जणांचं सामान, माणशी २० किलो, मागच्या कप्प्यात आधीच टाकलं तर १.२ मीटर. बसलं शेपटीवर. शेपटीला इंजिनं लावलेल्या विमानांचा हा जन्माचा भोग आहे. रशियाच्या इल्यूशिन आयएल-६२ ला तर चार इंजिनं मागे होती, आणि उभं असताना टेकायला शेपटीखाली दुमडणारा चाकांचा पाय दिला होता. भाच्याला तसा पाय बसवायचा आहे. मी म्हटलं, बसव, पण तोवर सामान पुढच्या कप्प्यात आणि प्रवासी पुढच्या रांगांपासून.

"म्हणजे आगे से," तो म्हणाला.